फलकावरचे पॅकेज आणि खात्यात जमा होणारा पगार

मा. संपादक,

स. न. वि. वि.

निकाल लागायला सुरुवात झाली की कर्वे रस्ता, डेक्कन, शिवाजीनगरपासून हिंजवडीच्या वाटेपर्यंत कोडिंग क्लासेसचे फलक वाढतात. फुल स्टॅक, डेटा सायन्स, डेव्हऑप्स, ऑटोमेशन टेस्टिंग. प्रत्येक फलकावर हसऱ्या मुलामुलींचे फोटो, शेजारी नामांकित कंपनीचा लोगो आणि खाली ठळक अक्षरांत ‘९ एलपीए’, ‘१४ एलपीए’, म्हणजे वर्षाला इतके लाख. आपल्या दैनिकाच्या पुणे पुरवणीतही अशा जाहिराती येतात. त्या पाहून सांगली, बीड, जळगावचे पालक लाख-दीड लाख रुपये फी भरतात, वर कॉट बेसिसवर राहण्याचा आणि मेसचा खर्च उचलतात. भरतीच्या कामात या क्लासमधून आलेले बायोडेटा आणि ऑफर लेटर रोज पाहावे लागतात, म्हणून हे आकडे कसे वाचावेत आणि कसे तपासावेत, ते थोडे तपशिलाने लिहीत आहे.

सुरुवात ‘पॅकेज’पासून. फलकावर असतो तो सीटीसी, म्हणजे कंपनीला त्या माणसावर वर्षभरात येणारा एकूण खर्च. सहा लाखांचे पॅकेज म्हटले की पालक सहाला बाराने भागून महिना ५० हजार धरतात. प्रत्यक्ष मांडणी बहुतेक वेळा अशी असते. सहा लाखांतले ६० हजार व्हेरिएबल. ते कंपनीच्या आणि स्वतःच्या कामगिरीवर अवलंबून आणि मिळालेच तर तिमाहीने किंवा वर्षाअखेर. ५० हजार रिटेन्शन बोनस, तो वर्ष पूर्ण केल्यावरच, आणि मधेच सोडले तर परत करण्याची अट. कंपनीचा पीएफ हिस्सा, १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के धरला तर महिना १,८००, वर्षाचे २१,६००. मूळ वेतन वर्षाला तीन लाख असेल तर ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के दराने १४,४३० रुपये दाखवले जातात. कायम नोकरीत ते साधारणपणे पाच वर्षांनी हाती येतात. विम्याचा हप्ता १२ हजार धरू. हे सगळे वजा केल्यावर उरतात ४,४१,९७०, म्हणजे महिना सुमारे ३६,८००. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००). खात्यात जमा होतात साधारण ३४,८०० रुपये. फीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता दहा हजार असेल, तर खोलीभाडे, मेस आणि बाकी सगळ्याला उरतात पंचवीस हजारांच्या आत. पीएफचे पैसे मुलाचेच आहेत, ते वाया जात नाहीत, पण घरभाडे त्यातून देता येत नाही. म्हणून कुणी पॅकेज सांगितले की पुढचा प्रश्न एकच विचारावा: गेल्या महिन्यात खात्यात किती जमा झाले?

‘सर्वोच्च पॅकेज’ हा एका माणसाचा आकडा असतो आणि त्यावरून दुसऱ्या कुणाचेच काही कळत नाही. खरी मेख टक्केवारीत असते, कारण टक्के कशाचे काढले ते सहसा लिहिलेले नसते. हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. समजा बॅचमध्ये ६० जणांनी फी भरली. पहिल्या दोन महिन्यांत १२ जण गळाले. उरलेल्या ४८ पैकी आठ जणांना हजेरी कमी, मॉक मुलाखतीत नापास, प्रोजेक्ट अपुरा अशा कारणांनी ‘प्लेसमेंटसाठी अपात्र’ ठरवले. राहिले ४०. त्यांतल्या ३० जणांना काहीतरी मिळाले. जाहिरातीत येते ‘७५ टक्के प्लेसमेंट’. फी भरलेल्या ६० जणांवर मोजले तर ते ५० टक्केच होतात. आता ते ३० उघडून पाहू. सहा जण कॉल सेंटरमध्ये किंवा डेटा एंट्रीवर. तिघांना क्लासनेच सहायक ट्रेनर म्हणून ठेवलेले. चौघे बिनपगारी किंवा आठ-दहा हजार स्टायपेंडच्या इंटर्नशिपवर. दोघे आधीच नोकरीत होते, आजही त्याच कंपनीत आहेत. कोडिंग शिकून कोडिंगची पगारी नोकरी नव्याने लागलेले उरतात १५, म्हणजे ६० पैकी २५ टक्के.

या पंधरा जणांचे पगारही पाहा. एकाला १४ लाख, दोघांना सात-सात, उरलेल्या बाराजणांना साडेतीन. बेरीज ७० लाख, सरासरी ४ लाख ६७ हजार. पण पगारांची चढती रांग लावून मधल्या, आठव्या माणसाचा पगार पाहिला तर तो साडेतीन लाखच आहे. शिवाय १४ लाखवाल्याला आधीचा पाच वर्षांचा अनुभव असेल, तर तो या सरासरीत धरायलाच नको. त्याला वगळले की सरासरी चार लाखांवर येते. म्हणजे ‘७५ टक्के प्लेसमेंट, सर्वोच्च १४ लाख’ ही ओळ आणि ‘साठातले पंधरा, बहुतेकांना साडेतीन लाख’ ही ओळ एकाच बॅचची आहे. पहिल्या ओळीतला एकही आकडा खोटा नाही, म्हणूनच ती पकडणे अवघड जाते.

याला आणखी दोन फाटे आहेत. एक, ‘या वर्षी १२० ऑफर’ असे लिहिले असेल तर विद्यार्थी किती ते विचारावे. एकाला तीन ऑफर आल्या की त्या तीन मोजल्या जातात. दुसरा, पगाराची माहिती विद्यार्थ्यांना फोन किंवा फॉर्म पाठवून गोळा केली असेल तर किती जणांनी उत्तर दिले ते महत्त्वाचे. नोकरी लागलेला आनंदाने फॉर्म भरतो, न लागलेला फोन उचलत नाही, आणि मग उत्तर देणाऱ्यांची सरासरी साऱ्या बॅचची म्हणून छापली जाते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. न्यूयॉर्कच्या ‘फ्लॅटायरन स्कूल’ने ९८.५ टक्के जणांना काम आणि सरासरी सुरुवातीचा पगार ७४,४४७ डॉलर अशी जाहिरात केली होती. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या चौकशीत दिसले की नोकरीच्या टक्केवारीत अप्रेंटिस, कंत्राटी आणि फ्रीलान्स कामही धरले होते, तर सरासरी पगार काढताना फक्त पूर्णवेळ नोकरीवाले घेतले होते. ते वर्गात येऊन शिकलेल्यांपैकी ५८ टक्के आणि ऑनलाइन शिकलेल्यांपैकी ३९ टक्केच होते. हे जाहिरातीत नीट सांगितलेले नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ३,७५,००० डॉलर भरून प्रकरण मिटले. त्यात परवान्याशिवाय शाळा चालवल्याचाही भाग होता. टक्केवारीला एक गट आणि सरासरीला दुसराच, हे तंत्र लक्षात ठेवावे, कारण ते इथेही चालते.

दुसरे प्रकरण ‘लॅम्डा स्कूल’चे, पुढे तिचे नाव ‘ब्लूमटेक’ झाले. ‘नोकरी लागल्यावरच पैसे द्या’ या योजनेमुळे ती गाजली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने तिच्यावर कारवाई केली. जाहिरातीत ८६ टक्क्यांपर्यंत प्लेसमेंट, आतल्या नोंदींत ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही बॅचमध्ये ३० टक्क्यांपर्यंत खाली. एका बॅचची १०० टक्के प्लेसमेंट झाल्याचे प्रमुखाने जाहीर केले होते. त्या बॅचमधला विद्यार्थी एकच होता. आणि ‘तुम्ही कमवाल तेव्हाच आम्ही कमवू’ म्हणत असताना विद्यार्थ्यांचे करार गुंतवणूकदारांना विकून पैसे आधीच घेतले जात होते. आपल्याकडे ‘पे आफ्टर प्लेसमेंट’ ऐकले की पालक म्हणतात, ‘एवढी खात्री असल्याशिवाय कोण असे करील?’ त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

फ्लॅटायरनच्या प्रकरणाच्याच सुमारास, २०१७ पासून, अमेरिकेतल्या काही बूटकॅम्पनी, म्हणजे अशाच कोडिंग क्लासनी, ‘सीआयआरआर’ नावाने एकसारखा अहवाल द्यायला सुरुवात केली: कोर्स संपल्यावर ठरावीक दिवसांत (९० आणि १८०) किती जण पूर्णवेळ कामाला लागले, किती अर्धवेळ, किती कंत्राटी, किती जणांना शाळेनेच ठेवून घेतले आणि किती जणांचा पत्ताच लागला नाही, याचे वेगवेगळे रकाने. पुण्यातल्या क्लासला असे रकाने भरून मागण्यात काहीच गैर नाही.

फोटोतला माणूस कोण होता, हेही पाहावे लागते. संगणक शाखेचा बी.ई., आधी दोन वर्षे सपोर्टला असलेला मुलगा चार महिन्यांच्या क्लासनंतर सात लाखांवर गेला, तर त्यात क्लासचा वाटा किती हे कुणालाच नीट सांगता येणार नाही. तोच कोर्स बी.कॉम. होऊन तीन वर्षांचा गॅप असलेल्या मुलीला काय देईल, ते त्या फोटोवरून कळत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या पीजी-डॅक या अभ्यासक्रमाला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आणि पात्रतेच्या अटी आहेत; तिथे चाळणी आधीच लागलेली असते. ज्या क्लासमध्ये फी भरेल त्याला प्रवेश मिळतो, त्याने सी-डॅकच्या निकालांशी स्वतःची तुलना करू नये. ‘२०० टक्के हाइक’, म्हणजे पगारवाढ, असे वाचले की आधीचा पगार विचारावा. दीड लाखाचे साडेचार लाख झाले तरी हाइक २०० टक्केच असते. आणि वर्ष विचारावे. २०२१-२२ मध्ये आयटीत भरती जोरात होती, २०२३ पासून फ्रेशरची, म्हणजे अनुभव नसलेल्या नवख्यांची, भरती आटली. तेव्हाची यशोगाथा आजच्या फलकावर लावली असेल तर ती जुनी आहे.

आता पुरावा. क्लासच्या काउन्सेलरकडे ऑफर लेटरची फाइल असते. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. हातात पत्र असूनही दोन-दोन वर्षे रुजू होण्याची तारीख न मिळालेल्या फ्रेशर्सच्या तक्रारी पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेल्या होत्या. क्लासवाले फोटो आणि व्हिडिओ घेतात ते पत्र आल्याच्या दिवशी; सहा महिन्यांनी तो मुलगा कुठे आहे हे फलकाला माहीत नसते. शिवाय पीडीएफमधला आकडा बदलणे पाच मिनिटांचे काम आहे. सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि त्याच तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट जुळत असेल, तरच पगार खरा मानावा. अनोळखी माणसाकडे हे मागता येत नाही, मागूही नये; पण जो स्वतःहून क्लासची शिफारस करतो आहे, त्याला खाते क्रमांक झाकून जमा झालेली एक ओळ दाखवायला सांगणे अवाजवी नाही.

फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला, दाखवा म्हणणे मात्र फार उपयोगाचे नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे कपातच नसते आणि फ्रेशरकडे बहुधा फॉर्म १६ नसतो. पीएफ पासबुक त्यापेक्षा कामाचे, पण त्याचीही मर्यादा समजून घ्यावी. कंपनी १५ हजारांच्या मर्यादेवर पीएफ भरत असेल तर पगार ३० हजार असो की लाख, पासबुकात मुलाचा हिस्सा १,८००च दिसतो. काही कंपन्या जास्त मूळ वेतनाच्या नव्या माणसाला पीएफमध्ये घेतही नाहीत. म्हणजे पासबुक पगार सिद्ध करत नाही, तर नोकरी कुठे आणि किती महिने होती ते सांगते. आणि इथेच एक गोष्ट हमखास उघड होते. फलकावर बड्या कंपनीचा लोगो, पासबुकात भलत्याच मनुष्यबळ पुरवठादाराचे नाव. मुलगा त्या मोठ्या कंपनीच्या इमारतीत बसतो हे खरे, पण पेरोल दुसऱ्याचा, करार सहा किंवा अकरा महिन्यांचा, आणि प्रोजेक्ट संपला की तोही संपतो. कंपनी अगदीच अनोळखी असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तिथे कंपनीने दर महिन्याला किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते दिसते. ‘आमच्या ४० मुलांना घेतले’ म्हणणारी कंपनी सात जणांचा पीएफ भरत असेल तर पुढे बोलायची गरज नाही.

सर्वांत घातक प्रकार खोट्या अनुभवाचा. काही ठिकाणी फ्रेशरला सांगितले जाते की बायोडेटात दोन-तीन वर्षांचा अनुभव दाखव, अनुभवपत्र आणि पगाराच्या पावत्यांची सोय आम्ही करू. त्यासाठी वेगळे ३०-४० हजार घेतले जातात, आणि मग त्या मुलाचे आठ लाखांचे पॅकेज फलकावर चढते. हे सहसा लगेच पकडले जात नाही. रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पार्श्वभूमी पडताळणीचा अहवाल येतो. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाच्या, नोंदीत त्या कंपनीची सेवा नसते, किंवा कंपनीच्या पत्त्यावर गाळा बंद असतो. त्याच दिवशी राजीनामा मागतात. काही कंपन्या अशा उमेदवारांची नोंद ठेवतात, मग तिथली दारे पुढेही बंद. ज्या क्लासमध्ये फ्रेशरांची पॅकेजेस सात-आठ लाखांच्या पुढेच दिसतात, तिथे ‘तुमच्या मुलांनी बायोडेटात किती अनुभव लिहिला होता?’ हे थेट विचारावे. उत्तर टाळले तर उठून यावे.

माजी विद्यार्थ्यांशी बोलायचे तर क्लासने दिलेले नंबर सोडून द्यावेत. लिंक्डइनवर शिक्षणाच्या रकान्यात क्लासचे नाव लिहिलेली माणसे सापडतात. त्यांतून कोर्स संपून वर्ष-दीड वर्ष झालेल्या एकाच बॅचचे दहा जण निवडावेत. नोकरीची पोस्ट टाकणारेच निवडू नयेत, प्रोफाइलवर अजून ‘संधीच्या शोधात’ असलेले मुद्दाम घ्यावेत. ‘क्लास कसा आहे?’ विचारले की ‘छान आहे’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात वर्गात किती जण होते, शेवटच्या आठवड्यात किती, पावतीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे, पद काय, मुलाखत क्लासने लावली की स्वतः शोधली, बॉण्ड किती वर्षांचा आणि मोडला तर किती रक्कम, मूळ गुणपत्रिका कंपनीने ठेवून घेतल्या का, हे विचारावे. आणि शेवटी, ‘तुमच्या शेजारी बसायचा तो आता काय करतो?’ स्वतःबद्दल माणूस सावरून बोलतो, मित्राबद्दल मोकळे सांगतो. शिफारस करणाऱ्याला नवा विद्यार्थी आणल्याबद्दल पैसे मिळतात का, तेही विचारून घ्यावे. अनेक क्लासमध्ये मिळतात. गूगलवरच्या पंचतारांकित अभिप्रायांच्या तारखा पाहाव्यात. एकाच आठवड्यात वीस-पंचवीस आले असतील तर ते वर्गात बसवून लिहून घेतलेले असू शकतात.

फी भरण्याआधी कागद घरी आणून वाचावा. ‘१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे मुलाखतींची माहिती पाठवण्याचे आश्वासन. नोकरीची हमी नाही. हमी असेल तर अटी पाहाव्यात: किमान पगार किती, कोणते पद, कोणते शहर, एक ऑफर नाकारली तर हमी संपते का, पैसे परत कधी आणि कोणती वजावट करून. ‘सोपे हप्ते’ म्हणून ज्यावर सही घेतात तो बऱ्याचदा एखाद्या वित्तसंस्थेचा कर्जकरार असतो. क्लास बंद पडला तरी हप्ते चालू राहतात आणि चुकले तर मुलाचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा गुणांक, बिघडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाचे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक एकूण दर लिहिलेला असतो. ते हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नये.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सगळ्याच जाहिरातींना लागू आहेत. कोचिंग क्षेत्रासाठी १३ नोव्हेंबर २०२४ रोजी वेगळी तत्त्वे आली. निवडीचे प्रमाण, यशोगाथा आणि नोकरीच्या हमीबाबत खोटे दावे करायचे नाहीत, विद्यार्थ्याचे नाव आणि फोटो त्याच्या यशानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरायचे नाहीत, आणि खुलासा दाव्याइतक्याच ठळक अक्षरांत छापायचा, असे त्यांत आहे. कोचिंगची व्याख्या तिथे बरीच व्यापक आहे, त्यामुळे कौशल्य शिकवणारे क्लासही त्यात यायला हवेत असे माझे मत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही. मात्र पुरावा आधीच जपून ठेवावा लागतो: फलकाचा तारखेसह फोटो, काउन्सेलरचे व्हॉट्सअॅप संदेश, फीची पावती, करार. तोंडी आश्वासन लगेच संदेश पाठवून लेखी करून घ्यावे: ‘आज आपण सांगितले की किमान पॅकेज पाच लाखांचे असेल, बरोबर ना?’

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. कोडिंग क्लासची जाहिरात स्वीकारताना एका बॅचचे सहा आकडे लेखी मागावेत: फी किती जणांनी भरली, कोर्स किती जणांनी पूर्ण केला, संपल्यावर १८० दिवसांत सॉफ्टवेअरच्या पगारी नोकरीवर किती जण रुजू झाले, त्यांपैकी आधीचा अनुभव असलेले किती, क्लासनेच ठेवून घेतलेले किती, आणि रुजू झालेल्यांमध्ये मधल्या माणसाचा पगार किती. हे आकडे जाहिरातीतल्या पॅकेजइतक्याच मोठ्या टायपात छापावेत, आणि जो क्लास ते देणार नाही त्याची जाहिरात पगाराचा आकडा काढूनच घ्यावी.

आपला,
आयटी भरतीच्या कामातील एक वाचक,
कर्वेनगर, पुणे